क्लीट झिजली की पेडल बिघडलं? बूट निसटतो किंवा अडकतो तेव्हा काय तपासावं

क्लीट म्हणजे सायकलिंगच्या बुटाच्या तळाला बोल्टने बसवलेला तुकडा; ती पेडलमध्ये अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. आधी लक्षणं बघा. यातलं एक जरी तुमच्या सायकलवर वारंवार होत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- बूट पेडलमध्ये बसताना येणारा खणखणीत 'टक्' आवाज आता बोदा येतो, किंवा येतच नाही.
- चढावर उभं राहून जोर लावला, किंवा पाय वर ओढला, की बूट आपोआप निसटतो.
- टाच बाहेर वळवूनही बूट सुटत नाही. कधी लगेच सुटतो, कधी दोन-तीन झटके द्यावे लागतात.
- बूट अडकलेला असतानाही डावीकडे-उजवीकडे डुलतो.
- पेडलच्या प्रत्येक फेरीला एकाच ठिकाणी कुरकुर ऐकू येते.
- हॉटेलच्या फरशीवर पूर्वीपेक्षा जास्त घसरायला होतं.
- गुडघा किंवा घोट्याची एकच बाजू अलीकडे दुखू लागली आहे.

ओळखीच्या रायडर्सचे बूट आणि पेडल्स माझ्याकडे वर्षानुवर्षं याच तक्रारींसाठी येतात. घेऊन येणारा बहुतेक वेळा म्हणतो, "पेडल गेलं." पेडल क्वचितच गेलेलं असतं. दोष बुटाच्या तळाशी असतो: क्लीट झिजलेली असते, तिचे बोल्ट ढिले असतात, नाहीतर खाचेत खडा बसलेला असतो. तिथे कोणी बघत नाही. पेडलवरचा टेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगची पकड कमी-जास्त करणारा, स्क्रू समोर दिसतो, म्हणून तो आवळला जातो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

यांतली दोन लक्षणं एकमेकांच्या उलट आहेत. बूट आपोआप निसटत असेल तर पहिला संशय झिजेवर घ्या. बूट सुटत नसेल तर पहिला संशय ढिल्या बोल्टवर किंवा अडकलेल्या मातीवर. सुटण्यासाठी क्लीट बुटाबरोबर वळावी लागते. बोल्ट ढिला असेल तर बूट वळतो आणि क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी राहते. दोन बोल्टच्या क्लीटचा एक बोल्ट पडून गेला असेल तर हे हमखास होतं. चालत्या सायकलवर असं लक्षात आलं तर टाच झटकत बसू नका. वेग कमी करा, कडेला भिंत किंवा खांब बघून हाताने आधार घ्या, बुटाची डायल किंवा पट्टे सोडा आणि पाय बुटातून काढून घ्या. बूट पेडललाच लटकू द्या, तो नंतर सोडवता येतो.

पहिली तपासणी: बूट उलटा करून बघा

खर्च शून्य. बूट पालथा करून उजेडात धरा. क्लीटच्या पुढच्या टोकाखाली, मागच्या कडेखाली आणि बोल्टच्या डोक्यात काय अडकलंय ते पाहा. कोकणातली तांबडी माती वाळली की दगडासारखी होते. ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, कार्डावर शिक्का घ्यायला ढाब्याच्या खडीवरून चालत गेलं की बारीक खडी बसते. टोचा आणि जुना टूथब्रश एवढ्यावर हे साफ होतं. बोल्टच्या षटकोनी खाचेतली माती मुद्दाम टोकरून काढा. खाच भरलेली असताना अ‍ॅलन की अर्धीच आत जाते, मग बोल्टचं डोकं गोल होतं, आणि पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार लागते.

पेडलचा जबडाही साफ करा. स्प्रिंगच्या सांध्यावर तेलाचा एक थेंब टाका, पेडल दोन-चारदा उघडा-मिटा, वरचं तेल फडक्याने पुसून घ्या. जास्त तेल ओतू नका, त्यावर धूळ चिकटून वाळूचा लेप तयार होतो.

तक्रारींचा बराच भाग इथेच मिटतो, विशेषतः शिमानो कंपनीच्या दोन बोल्टच्या एसपीडी प्रकारात, कारण तिथे क्लीट सोलच्या खोबणीत असते आणि चिखल दाबून बसतो.

दुसरी तपासणी: बोल्ट

लागते फक्त ४ मिमीची अ‍ॅलन की. दोन बोल्टच्या एसपीडीला आणि तीन बोल्टच्या शिमानो एसपीडी-एसएल किंवा लुक कंपनीच्या कीओलाही साधारण हीच चालते. प्रत्येक बोल्ट किंचित आवळून बघा. फिरला तर तो ढिला होता. शिमानोच्या क्लीटसाठी घट्टपणा ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर एल आकाराची छोटी अ‍ॅलन की बोटांत धरून आवळा, तिला पाइप लावू नका. सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर क्लीट तिरकी बसते.

कुरकुर येत असेल तर नुसतं आवळून थांबू नका. एकेक बोल्ट काढून आटे पुसा आणि थोडं ग्रीस लावून परत बसवा. नव्या बोल्टच्या आट्यांवर आधीच रंगीत लॉकिंगचा लेप असेल तर त्यावर ग्रीस नको. क्लीट आणि सोल यांच्यामधली वाळूही पुसून काढा. पुष्कळदा ज्याला लोक बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचे दांडे, म्हणजे क्रॅंक, ज्यावर फिरतात त्या बेअरिंगचा) आवाज समजतात तो इथून येत असतो. बॉटम ब्रॅकेट उघडण्याचे पैसे देण्याआधी हे करून बघणं फायद्याचं.

तिसरी तपासणी: बूट आणि पेडलची अदलाबदल

दोष क्लीटचा की पेडलचा, हे ठरवायची फुकटची युक्ती अशी. सायकल भिंतीला टेकवा. डावा बूट हातात घ्या, हात बुटात घालून तो उजव्या पेडलमध्ये बसवा. जोर लागतो, पण बसतो. मग बूट डुलवून बघा, वळवून सोडवून बघा. तसंच उजव्या बुटाचं डाव्या पेडलवर करा.

एकच बूट दोन्ही पेडल्सवर डुलत असेल तर दोष त्या बुटाच्या क्लीटचा. दोन्ही बूट एकाच पेडलवर डुलत असतील तर दोष पेडलचा. चारही जोड्यांत डुलत असेल तर बहुधा दोन्ही क्लीट्स संपल्या आहेत, कारण क्लीट पेडलपेक्षा खूप आधी झिजते. ती तशीच बनवलेली असते: स्वस्त भाग झिजावा आणि महाग भाग वाचावा म्हणून.

चौथी तपासणी: झीज नेमकी कुठे आहे

पेडल क्लीटला दोन ठिकाणी धरतं. क्लीटचं पुढचं टोक पेडलच्या पुढच्या ओठाखाली अडकतं आणि मागची कड स्प्रिंगच्या जबड्याखाली दाबली जाते. टाच वळवली की क्लीटची मागची कड जबड्याला मागे ढकलते आणि बूट सुटतो. ही कल्पना स्कीच्या बाइंडिंगमधून, म्हणजे बर्फावरच्या स्कीला बूट धरून ठेवणाऱ्या पकडीतून, आली. लुक ही कंपनी मूळची स्की बाइंडिंगचीच. तिने १९८४ मध्ये सायकलचं पेडल आणलं आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनो यांनी तेच पेडल वापरून जिंकली. शिमानोचं एसपीडी १९९० चं. कोणतंही घ्या, या दोन कडा धारदार असतील तोवरच पकड पक्की राहते. दाराची कडी शाबूत असूनही कोयंडा झिजला तर दार धक्क्याने उघडतं, तसंच हे.

म्हणून क्लीटचा मधला भाग कितीही ओरखडलेला असू द्या, तो दुय्यम. पुढचं टोक आणि मागची कड तपासा.

प्लास्टिकच्या तीन बोल्टवाल्या क्लीटचं पुढचं टोक चालण्याने झिजतं, कारण पाऊल टाकताना सगळा भार तिथे येतो. टोक गोलसर किंवा पातळ झालंय, चिरलंय, किंवा एक कोपरा तुटलाय, तर क्लीट संपली. शिमानोच्या क्लीटवर रंगीत पॅड असतात, ते झीज ओळखण्यासाठीही असतात. रंगीत थर घासून मुख्य शरीर जमिनीला लागू लागलं की बदला. फरशीवर घसरणंही याच कारणाने वाढतं. पॅड मऊ आणि पकड घेणारे असतात, आतलं प्लास्टिक गुळगुळीत.

पोलादी एसपीडी क्लीटची झीज डोळ्याला पटकन दिसत नाही. कड चकचकीत आणि पातळ होते, एवढंच. नखाने कड चाचपा; सपाट पायरीऐवजी उतार लागला तर ती गेली. जवळ नवी क्लीट असेल तर शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळतो. इथे आणखी एक गोष्ट बघा: सोलच्या रबरी गुठळ्या. त्या झिजून क्लीटच्या पातळीला आल्या की क्लीट प्रत्येक पावलाला जमिनीवर घासते, आणि नवी क्लीटही लवकर संपते.

क्रॅंक ब्रदर्स या कंपनीच्या क्लीट्स पितळी असतात, पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे त्या जास्त वेळा तपासा. स्पीडप्ले या पेडलमध्ये उलटा प्रकार आहे: स्प्रिंग पेडलमध्ये नसून क्लीटमध्येच असते. तिथे क्लीटची साफसफाई म्हणजेच यंत्रणेची साफसफाई.

दोन्ही बुटांची झीज सारखी नसते. सिग्नलला तुम्ही नेहमी जो पाय टेकवता त्याची क्लीट आधी जाते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, कडेचा दगड किंवा फूटपाथ डावीकडे असतो, त्यामुळे अनेकांची डावी क्लीट उजवीच्या कितीतरी आधी झिजते. तरी बदलताना जोडीनेच बदला. एका पायाखाली नवी जाड आणि दुसऱ्याखाली झिजलेली असेल तर दोन्ही पायांची पकड आणि सुटण्याचा जोर वेगळा राहतो, आणि घाईच्या क्षणी पाय चुकतो.

किती किलोमीटरनंतर बदलायच्या, हे सगळे विचारतात. मी किलोमीटर मोजायला सांगत नाही. महामार्गावर सरळ दोनशे किलोमीटर जाणाऱ्याची क्लीट फारशी झिजत नाही. रोज ऑफिसला जाऊन पार्किंगपासून लिफ्टपर्यंत सिमेंटवर चालणाऱ्याची लवकर झिजते. चालावंच लागत असेल तर रबरी कव्हर जर्सीच्या खिशात ठेवा. ते वापरणाऱ्यांच्या क्लीट्स खरोखर जास्त टिकतात.

पाचवी तपासणी: टेन्शनचा स्क्रू, आणि तो शेवटी का

पेडलच्या मागे छोटा स्क्रू असतो, २.५ किंवा ३ मिमी अ‍ॅलनचा. घड्याळाच्या दिशेने फिरवला की स्प्रिंग घट्ट होते, उलट फिरवला की सैल. काम सोपं आहे, तरी मी ते पाचव्या क्रमांकावर ठेवलंय ते मुद्दाम.

झिजलेल्या क्लीटवर टेन्शन वाढवलं की काही दिवस बूट निसटत नाही आणि दुरुस्ती झाल्यासारखं वाटतं. पण झीज चालूच राहते. परत निसटायला लागतं, परत आवळलं जातं. मग एक दिवस नवी क्लीट लागते, तिच्या धारदार कडा त्या कमाल आवळलेल्या स्प्रिंगमध्ये बसतात आणि पहिल्याच सिग्नलला पाय सुटत नाही. रायडर उभ्याउभ्या रहदारीच्या बाजूला पडतो. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून आग्रहाने सांगतो: नवी क्लीट लावण्याआधी दोन्ही पेडल्सचं टेन्शन सैल करा, भिंतीला धरून दोन्ही पाय अनेकदा अडकवून-सोडवून बघा, मग हवं तेवढंच थोडं-थोडं वाढवा. दोन्ही बाजूंना सारखं.

क्लीट चांगली, बोल्ट घट्ट, माती नाही आणि तरी निसटतं, तेव्हाच टेन्शन वाढवण्याला अर्थ आहे.

क्लीट बदलताना

विकत घेताना गफलत इथे होते. एसपीडी-एसएल आणि कीओ दोन्ही तीन बोल्टच्या आणि दिसायला सारख्या, पण एकीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये चालत नाही. रंगांचा अर्थही वेगळा. शिमानोत पिवळी म्हणजे ६ अंशांची मोकळीक (बूट न सुटता टाच जितकी वळू शकते तितकी), निळी २ अंश, लाल ०. कीओत काळी ०, राखाडी ४.५, लाल ९ अंश. म्हणजे लाल रंग शिमानोत पाय पूर्ण जखडतो आणि लुकमध्ये सर्वांत जास्त मोकळीक देतो. जुनी जी होती तीच घ्या. क्लीट बदलल्यावर सुरू झालेल्या गुडघेदुखीत मी सर्वांत आधी रंग विचारतो.

एसपीडीमध्ये एसएच५१ आणि एसएच५६ असे दोन प्रकार आहेत. ५१ टाच बाजूला वळवूनच सुटते, ५६ इतर दिशांनीही, वर ओढल्यानेही सुटू शकते. नवशिक्याला ५६ चांगली. पण जोरात ओढणाऱ्या रायडरच्या बुटाला चुकून ५६ लागली तर नव्या क्लीट्ससुद्धा 'निसटतात', आणि तो पेडलला दोष देत राहतो.

जागा जपणं हे बदलण्यातलं खरं काम. जुनी क्लीट काढण्याआधी तिच्याभोवती सोलवर मार्करने रेघ मारा. सोल काळा असेल तर कडेने कागदी टेप चिकटवा. वरून सरळ एक फोटो घ्या. एका वेळी एकच बूट उघडा, दुसरा नमुना म्हणून शाबूत राहू द्या. नवी क्लीट रेघेत बसवताना पुढच्या टोकावर भरवसा ठेवू नका. जुन्याचं टोक झिजून आखूड झालेलं असतं, त्यामुळे नवी पुढे आल्यासारखी दिसते. बाजूच्या आणि मागच्या कडा, आणि वॉशरचे सोलवर उठलेले ठसे, यांवरून जुळवा. खुणा पुसल्या गेल्या असतील तर चवड्याचा उंचवटा पेडलच्या अक्षावर येईल अशी सुरुवात करा, आणि टाच पायाला नैसर्गिक वाटेल त्या कोनात ठेवा.

जवळपासच एक छोटी फेरी मारा आणि आल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. नवी क्लीट सोलवर दबून बसते आणि बोल्ट किंचित सैल होतात. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

लांबच्या राइडला खिशात एक जादा क्लीट बोल्ट आणि ४ मिमीची की ठेवा. तीनपैकी एक बोल्ट पडला तर उरलेले दोन घट्ट करून सांभाळून घरी येता येतं. दोनपैकी एक पडला तर ती क्लीट काढून टाका आणि त्या पायाने पेडलमध्ये न अडकवता चालवा. एका बोल्टवरची क्लीट गरगर फिरते आणि पाय सुटत नाही.

बोल्ट निघत नसेल तर

पावसाळ्यात भिजून ओलेच ठेवलेले बूट दिवाळीच्या सुमारास उघडायला घेतले की हे होतं. घाई करू नका. खाच पूर्ण साफ करा, गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा. चांगल्या धारेची, न झिजलेली अ‍ॅलन की घ्या, हलक्या हातोडीने ठोकून ती तळापर्यंत बसवा आणि मग सावकाश फिरवा. फिरला नाही तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. कार्बन सोलला ज्योत किंवा हीट गन लावू नका. सोल उष्णतेने कायमचा बिघडतो.

पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून बूट भिजले की आतली गादी काढून वर्तमानपत्र कोंबून वाळवा आणि बोल्टच्या डोक्यात थोडं ग्रीस भरून ठेवा. घाट उतरून आल्यावर एवढं केलं तरी पुरतं.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

बोल्टचं डोकं गोल झालं असेल आणि की फिरत असेल, तर आणखी प्रयत्न करू नका. तो ड्रिल करून किंवा एक्स्ट्रॅक्टरने काढावा लागतो. हात किंचित हलला तर सोलमधलं भोक जातं आणि बूटही जातो. ज्याने हे काम आधी केलंय अशा सायकल मेकॅनिककडे किंवा वर्कशॉपमध्ये न्या, आणि सोल कार्बनचा आहे की नायलॉनचा ते आधी सांगा.

बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही, म्हणजे सोलच्या आतला नट त्याच्याबरोबर फिरतोय, किंवा आटे गेलेत. काही बुटांत गादी काढली की आतली पट्टी दिसते आणि बदलता येते. ती सोलमध्ये बंद असेल तर हे घरचं काम नाही. मोच्याकडे सोल चिकटवून छान मिळतो, पण या नटाची जागा त्याच्या अवजारांच्या आवाक्यात नाही.

क्लीटच्या भोकांपाशी सोलला चीर दिसली तर तो बूट वापरणं थांबवा, क्लीट नवी असली तरी.

नवी क्लीट लावूनही अदलाबदलीच्या तपासणीत एकच पेडल डुलत असेल, तर पेडलचा क्लीट टेकते तो पृष्ठभाग झिजलाय, किंवा पेडलच्या अक्षाच्या बेअरिंगमध्ये खेळ आलाय. पेडल हाताने धरून क्रॅंकच्या दिशेने आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग. हे मेकॅनिकला दाखवा. पेडल स्वतः काढणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, आणि दिशा बरोबर असूनही ते हलत नसेल तर जोर लावू नका. क्रॅंकचे आटे गेले तर खर्च क्लीटच्या अनेक पट होतो.

गुडघेदुखीसाठी: क्लीट जुन्याच रंगाची, जुन्याच जागी, नवी लावूनही दोन-तीन राइडनंतर दुखणं तसंच असेल, तर रोज एकेक मिलिमीटर सरकवून प्रयोग करू नका. बाइक फिट करणाऱ्याला (सायकल तुमच्या शरीराला जुळवून देणाऱ्याला) आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि जाताना जुन्या क्लीट्स सोबत न्या. त्या कोणत्या बाजूने जास्त झिजल्यात त्यावरून पाय कसा पडतो याचा त्यांना अंदाज येतो.